दगड्याची प्रतिनियुक्ती

कानडबोरी हे गाव येत्या अठ्ठावीस सप्टेंबरला रेबीजमुक्त होत असल्याचं पत्र ग्रामपंचायतीला एकोणीस सप्टेंबरला मिळालं. ‘करावे’ असं त्यात कुठंही नव्हतं, ‘होत आहे’ असंच होतं. खाली सही होती, शिक्का होता, जावक क्रमांक होता. नऊ दिवसांच्या आत गाव सोडण्यावाचून रोगाला दुसरा मार्ग उरला नव्हता.

तसं पाहिलं तर कानडबोरीत पुष्कळ गोष्टी होत असतात. जळकोटच्या अलीकडं हायवे सोडून आत वळलं की चार किलोमीटरवर हे गाव. ते चार किलोमीटर गेली एकवीस वर्षं डांबरी होत आहेत. नळाला पाणी सात वर्षांपासून येत आहे. पण त्या कामांच्या पत्रांवर शेवटची तारीख नव्हती, म्हणून कुणी कधी धावपळ केली नाही. या पत्रावर होती. ग्रामसेवक रणधीर भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि सरपंच शरणप्पांच्या किराणा दुकानात जाऊन प्यायला पाणी मागितलं.

शरणप्पांनी कपाळावरचं भस्म सारखं करत विचारलं, “पर हा रोग आपल्या गावात हाय का?”

“हाय का न्हाय ते पत्रात न्हाय, अप्पा,” भाऊसाहेब म्हणाले. “जायला पायजे एवढंच हाय.”

गावातल्या दर शंभर कुत्र्यांमागे सत्तरांना लस टोचली की हा रोग पसरायचा थांबतो. हे शास्त्र आहे आणि खरं आहे, त्यामुळे या गोष्टीत त्याचं काम इथंच संपतं. आता कुत्री किती ते मोजणं आलं. माणसं, झाडं आणि संडास मोजून हात बसलेल्या शाळेच्या शिक्षकांनी ती एका दिवसात मोजली आणि साठ भरली. साठाचे सत्तर टक्के म्हणजे बेचाळीस. पंचायतीच्या फळ्यावर बेचाळीस हा आकडा खडूनं ठळक लिहिण्यात आला आणि त्याभोवती गोल काढण्यात आला.

तिसऱ्या दिवशी पशुधन पर्यवेक्षक बालाजी बर्फाच्या पेटीत पन्नास मात्रा घेऊन आले. सगळं गाव त्यांना डॉक्टर म्हणे आणि ते नको म्हणत नसत. कुत्री पकडायची जाळी मागच्याच वर्षी आलेली होती. ती शाळेच्या मैदानात दोन बांबूंना बांधलेली होती आणि तिच्यावरून तालुक्यापर्यंत गाजलेले व्हॉलीबॉलचे सामने होत असत. खेळाच्या प्रगतीत अडथळा नको म्हणून ती सोडायची नाही असं ठरलं. मग बालाजी हातात भाकरीचे तुकडे घेऊन गल्लीगल्लीतून यू यू करत फिरले. साठही कुत्र्यांनी भाकरी खाल्ली आणि दुपारपर्यंत ती सोयाबीनच्या रानात दिसेनाशी झाली. एका कुत्र्यानं जाता जाता बालाजींची चप्पल नेली.

अशा वेळी सिदू मेंढपाळ आपल्या कुत्र्याला घेऊन चावडीसमोर येऊन उभा राहिला.

सिदू पन्नाशीचा. ओढ्यापलीकडच्या माळावर चार विसा म्हणजे ऐंशी मेंढरं, बायको सिताबाई आणि दगड्या असा त्याचा संसार. एका वर्षी लस टोचायची राहिली म्हणून त्याची एक विसा मेंढरं आठवड्यात आडवी झाली होती. तेव्हापासून देवाच्या खालोखाल त्याची सुईवर श्रद्धा. गावात सुई आली एवढं कानावर पडलं आणि तो कुणी बोलावल्याशिवाय चालत आला. शासनाच्या योजनेवर इतका सरळ विश्वास ठेवणारा माणूस गावात दुसरा नव्हता, आणि पुढचं सगळं त्या विश्वासापायी घडलं.

दगड्या पांढुरका, लांब तोंडाचा, उंच पायांचा. रानात लांडगा दिसला की अंगावर जाणारा. पण सिदू त्याच्याजवळ उकिडवा बसला, दोन बोटांनी त्याच्या कानाचं मूळ दाबलं आणि ‘हं, हं’ म्हणाला, की कुत्रा जागच्या जागी बसे आणि बोटं निघेपर्यंत हलत नसे. पिल्लू असल्यापासून त्याची ही सवय, म्हणून नाव दगड्या. बालाजींनी सुई टोचली. दगड्यानं हूं की चूं केलं नाही. भाऊसाहेबांनी मोबाईलवर फोटो काढला, पोर्टलवर चढवला आणि पोर्टलनं हिरवी खूण दाखवली. कानडबोरीतला पहिला कुत्रा सुरक्षित झाला. तो शेवटचाही होता, पण हे अजून कुणाला माहीत नव्हतं.

भाऊसाहेब हिरव्या खुणेकडं पाहत राहिले. मग त्यांनी दगड्याकडं पाहिलं. सिदूनं बोटं काढली नव्हती, त्यामुळे तो अजून बसलेलाच होता. सरकारी कामात इतका वेळ जागेवर बसलेला प्राणी भाऊसाहेबांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिला होता.

त्यांनी पोर्टलवरच्या सूचना नीट वाचल्या. फोटोत कुत्रा हवा, शेजारी मालक हवा, मालकाचं आधार कार्ड हवं आणि फोटो गावच्या हद्दीतला हवा. सुई हवी असं कुठंही नव्हतं. कुत्रा दर वेळी वेगळा हवा असंही नव्हतं. अर्थात सूचना लिहिणाऱ्याला ते सांगावं लागेल असं वाटलं नसावं.

“सिदूमामा,” भाऊसाहेब म्हणाले, “जरा येळ बसू द्या ह्याला.”

मग मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यातून पुकारा झाला: कुत्र्याच्या मालकांनी आधार कार्ड घेऊन चावडीवर यावं, कुत्रा नसला तरी चालेल. या शेवटच्या वाक्यानं गाव जागं झालं. आधार कार्ड मागतात, फोटो काढतात, आणि ज्याची योजना आहे ती वस्तू जवळ नसली तरी चालते, याचा अर्थ गावाला अनुभवानं ठाऊक होता. काहीतरी मिळणार होतं. काय ते कुणी विचारलं नाही, कारण विचारलं की नाव मागं पडतं. अर्ध्या तासात चावडीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत रांग लागली. लोकांनी धुतलेले कपडे घातले. दारात आलेल्या कुत्र्याला गेली तीस वर्षं धोंडा मारणाऱ्या कमलबाई पैठणी काठाचं लुगडं नेसून आल्या आणि रांगेत पुढं लागण्यावरून शिक्षकांशी भांडल्या.

पहिल्या पाच-सहा फोटोंना कुत्रा वेगळा दिसावा म्हणून मेहनत घेण्यात आली. मेंढरांच्या पाठीवर खुणा करायचा गेरू सिदूच्या पिशवीत असतोच. तो लावून दगड्या तांबडा केला. चुलीची काजळी लावून ठिपक्यांचा केला. हळद लावून पिवळा केला. त्यात वेळ फार जाऊ लागला तेव्हा भाऊसाहेबांनी एकदा न रंगवताच फोटो चढवून पाहिला, आणि पोर्टलनं तितक्याच आनंदानं हिरवी खूण दाखवली. त्यानंतर नुसता मालक बदलत गेला. संध्याकाळपर्यंत बेचाळीस झाले. रांगेत अजून तीसेक माणसं उरली होती, आणि आमचंच नाव का घेत नाही म्हणून ती आरडाओरडा करत होती. त्यांना पुढच्या टप्प्याचं आश्वासन देऊन घरी पाठवावं लागलं.

सिदूची बोटं आखडली होती. त्यानं एकच शंका काढली: बेचाळीस वेळा फोटो निघाला, मग बाकीच्या कुत्र्यांना सुई कधी? बालाजी पेटी आवरू लागले. ते मनानं वाईट नव्हते. त्यांच्याकडं अकरा गावं, एक मोटारसायकल आणि आता एकच चप्पल होती. पेटीतला बर्फ दुपारीच वितळला होता. गरम झालेल्या एकोणपन्नास मात्रा त्यांनी पंचायतीमागच्या गटारीत ओतल्या आणि रजिस्टरला ‘वापरल्या’ असं लिहिलं. कानडबोरीची ती गटार आजतागायत रेबीजमुक्त आहे.

अठ्ठावीस सप्टेंबरला गाव ठरल्याप्रमाणे मुक्त झालं. सत्तर टक्क्यांचं उद्दिष्ट एका दिवसात गाठणारं तालुक्यातलं ते एकमेव गाव ठरलं. इतर गावांचे ग्रामसेवक रात्रंदिवस कुत्र्यांमागं पळत होते, दोघांना तर कुत्र्यांनी फोडलं होतं. त्यांनी रणधीर भाऊसाहेबांना फोन करून युक्ती विचारली. भाऊसाहेब दिलदार माणूस. त्यांनी युक्ती सांगितली नाही, कुत्राच दिला.

मात्र दिला तो रीतसर. दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या शिपायानं माळावर येऊन सिदूला एक कागद वाचून दाखवला आणि हातात दिला. ‘मौजे कानडबोरी येथील दगड्या (जात : गावठी, रंग : पांढरा, आवश्यकतेनुसार इतर) यांची सेवा लोकहितास्तव शेजारील गावाकडे एक दिवसाकरिता वर्ग करण्यात येत आहे. भत्ता अनुज्ञेय नाही.’ सिदूनं कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा. कागदावर शिक्का होता आणि सिदू शिक्क्याला मान देणारा होता. एका दिवसाचा तर प्रश्न, असं म्हणून त्यानं दगड्याच्या गळ्यात दोरी बांधून दिली. कान कुठं दाबायचा तेही पोराला शिकवावं तसं शिपायाला शिकवलं.

एका दिवसाचे तीन झाले. तिथून दुसऱ्या गावानं मागणी केली, मग तिसऱ्या. पंचायतीच्या फळ्यावर दगड्याच्या दौऱ्याचा तक्ता लागला. तो जीपमधून जाऊ लागला. तालुक्यातल्या प्रत्येक गावात भोंग्यावर तोच पुकारा झाला आणि प्रत्येक गावात धुतलेल्या कपड्यांची तशीच रांग लागली. इकडं माळावर मेंढ्या व्यायला लागल्या होत्या. कोकरू जमिनीवर पडलं की त्याचा वास लांडग्याला फर्लांगभरावरून येतो, आणि ओढ्याकाठच्या झुडपांत लांडग्यांची जोडी होती हे सिदूला पावलांवरून कळलेलं होतं. त्याला आता फक्त आपला कुत्रा परत हवा होता. दिवसाआड तो पंचायतीत जाई आणि तक्त्यात दगड्या आज कुठं आहे ते विचारून परत येई.

ऑक्टोबर संपता संपता भरदिवसा लांडग्यानं दोन कोकरं नेली. सिताबाईनं तो कागद पेटीतून काढला आणि नवऱ्यापुढं धरला.

“सही घिऊन कुत्रं न्हेत्यात व्हय कुनी?” ती म्हणाली. “आता लांडगा आला की ह्यो कागद त्येला वाचून दावू का म्या?”

सिदूनं कागद तिच्या हातातून घेतला. तो तसाच उठून पंचायतीत गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीसमोर आवाज चढवून म्हणाला की आज कुत्रा घेतल्याशिवाय जात नाही. भाऊसाहेबांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि शांतपणे समजावलं की दगड्या आता एकट्या सिदूचा राहिलेला नाही. पोर्टलप्रमाणे त्याला तालुक्यात दोन हजारांवर मालक आहेत. त्या सगळ्यांची संमती आणली तर सोडता येईल. तरीही सिदूची अडचण त्यांना पटत होती. ज्याची प्रतिनियुक्ती होते त्याच्या जागी पर्यायी व्यवस्था करायची असते, हे त्यांना कबूल होतं. संध्याकाळी शिपाई माळावर एक पर्यायी कुत्रा बांधून गेला.

तो बसथांब्यावरचा तपकिरी कुत्रा होता. बालाजींची चप्पल नेणारा तोच. त्याला पकडायला तीन माणसं आणि एक मटणाचं हाडूक लागलं होतं. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं : ‘कुत्रा क्रमांक सतरा, मालक कमलबाई, लसीकरण पूर्ण.’

मेंढरं पाहून तपकिरी कुत्र्याला काय करावं ते कळेना. दोन दिवस तो दोरी चावत राहिला, तोंडातून लाळ गाळत राहिला आणि पाण्याच्या भांड्याजवळ गेला नाही. सिताबाईनं त्याच्यापासून चार हात लांब राहायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दोरी तुटली आणि तो थेट एका कोकरावर गेला. सिदूनं मधे पाय घातला. कुत्र्यानं पोटरीत दात रुतवले, सोडले, आणि ओढ्याच्या दिशेनं निघून गेला. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही.

आरोग्य केंद्रात अयोध्या सिस्टर होत्या. त्यांनी आधी काही विचारलं नाही. सिदूचा पाय नळाखाली धरायला लावला आणि साबण लावून पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुतला. मग म्हणाल्या, “मामा, सुया पाच घ्याव्या लागतील. एकबी चुकवायची न्हाय. ह्या रोगाला आदी उपाय हाय, नंतर न्हाय.” त्यांनी पहिली सुई दिली, जखमेभोवतीचं इंजेक्शनही दिलं. नोंद करायला त्या बसल्या तेव्हा पुढचा प्रकार सुरू झाला.

गावाच्या यादीत कानडबोरी नव्हतं. मुक्त झालेली गावं चाव्याच्या रकान्यातून काढून टाकलेली होती. फ्रीजमधली लस ‘मुक्त क्षेत्राबाहेरील प्रवासी रुग्णांसाठी’ राखीव होती. मुक्त क्षेत्रातल्या माणसाला ती देणं म्हणजे घोषणेवर अविश्वास दाखवणं होतं. सिस्टरनी मग दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला आणि कुत्रा क्रमांक सतरा उघडला. पडद्यावर पैठणी काठाच्या लुगड्यातल्या कमलबाई आल्या. त्यांच्या शेजारी गेरू-हळदीचे डाग उरलेला एक कुत्रा शांत बसलेला होता, आणि त्याच्या कानामागं दोन बोटं दिसत होती.

“ह्योच चावला का?”

सिदू पडद्याजवळ गेला. पाय ठणकत असतानाही त्याचा चेहरा उजळला. “ह्यो चावत न्हाय, बाई. ह्यो माजा दगड्या हाय.”

सिस्टरनी अठरावा उघडला, एकोणिसावा उघडला, शेजारच्या गावाचे दहा-बारा उघडले. सिदू प्रत्येक वेळी ‘दगड्याच’ म्हणत होता. एका फोटोत कुत्रा बारीक झालेला दिसला तेव्हा त्यानं तोंड फिरवून डोळे पुसले. सिस्टरनी पडदा बंद केला. मग त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं की दिलेल्या सुईची नोंद झाली नाही तर ती हरवली असं धरतील, आणि पुढच्या चार सुयांना हात लावता येणार नाही. दुसरी सुई तीन दिवसांनी आहे. तोवर कानडबोरीचे नसल्याचा कागद कुठून तरी आणा.

सिदू ‌लंगडत पंचायतीत गेला. चावा हा शब्द ऐकताच भाऊसाहेबांनी दार लोटलं. शरणप्पाही येऊन बसले. एक चावा नोंदला गेला तर गाव मुक्त राहत नाही, गाव गेलं की तालुका जातो, आणि दोन आठवड्यांवर तालुका मुक्त झाल्याचा सोहळा कानडबोरीतच ठरला होता. मंडपवाल्याला सांगून झालं होतं.

“चावा खोडायची पोर्टलवर सोय न्हाय, मामा,” भाऊसाहेब म्हणाले. “माणूस खोडता येतो.”

कानडबोरीत जन्माचा दाखला मिळायला दोन महिने लागतात, मेल्याचा मिळायला चार. सिदूचा दाखला पंधरा मिनिटांत झाला. ‘सदर इसम मेंढ्यांमागे फिरतीवर असून मौजे कानडबोरीचा रहिवासी नाही व पूर्वीही नव्हता.’ बिरोबाच्या देवळाच्या पायरीवर सिदूच्या आज्याचं नाव कोरलेलं होतं. ‘पूर्वीही नव्हता’ हे वाचून दाखवल्यावर सिदूला ते आठवलं, पण तीन दिवसांतला एक संपत आला होता. शरणप्पांनी सही करताना ‘शिवा शिवा’ म्हटलं. त्यांना वाईट वाटलं होतं, पण सही नीट आली.

आणखी एक बारीकशी बाब उरली होती. गावातल्या कुत्र्याचा मालक गावचा रहिवासी असावा लागतो. सिदू आता रहिवासी नव्हता, दगड्या मात्र होता. त्याचे बेचाळीस पुरावे होते. तेव्हा त्याच कागदाच्या पाठीवर दगड्या पंचायतीच्या मालकीचा झाला. सिदूनं विचारलं, ह्याच्यावर अंगठा नाही दिला तर? भाऊसाहेब म्हणाले, मग पुढच्या बाजूच्या शिक्क्याचा उपयोग होणार नाही.

सिदूनं अंगठा दिला. घरी येऊन तो मेंढरांकडं गेला. सिताबाईला ते दोन दिवसांनी बाहेरून कळलं. तिनं फक्त रेशनचं कार्ड पेटीतून काढलं, पदरानं पुसलं आणि पुन्हा ठेवलं.

सुया सुरू राहिल्या. चावणाऱ्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं, तसं पंचायतीनंही ठेवलं. भाऊसाहेब रोज सकाळी पोर्टलवर क्रमांक सतरा उघडून पाहत. दहा दिवसांत तो जागचा हलला नाही, त्याची प्रकृती उत्तम असल्याचा अहवाल गेला.

सोहळ्याच्या दिवशी शाळेच्या मैदानात मंडप पडला. व्हॉलीबॉलची जाळी त्या दिवशी सोडली होती. मंचामागं तिच्यावर झेंडूच्या माळा गुंफल्या होत्या. वरचे साहेब आले. तालुक्याचा आदर्श कुत्रा म्हणून दगड्याला शाल आणि हार घालून मंचावर आणलं. दीड महिना जीपमधून फिरून त्याच्या बरगड्या दिसत होत्या, आणि अंगावर निरनिराळ्या गावांचे रंग अर्धवट उरले होते. त्याला बसवायला तीन शिपाई झटले. तो बसेना. त्यानं हार तोडला, शाल पायाखाली घेतली, मंडपाच्या दाराकडं तोंड करून उभा राहिला. फोटोवाला खोळंबला. शेवटी भाऊसाहेबांनी ‘बाहेरील व्यक्ती’ असा पास लिहून माळावर माणूस पिटाळला.

सिदू चौथी सुई घेऊन नुकताच परतला होता. बिऱ्हाड घोड्यावर लादून झालं होतं. जिथं आपण नाही तिथं राहून काय करायचं, असं सिताबाईनं ठरवलं होतं. तो मंचावर आला, दगड्याजवळ उकिडवा बसला, कानाचं मूळ दाबलं, ‘हं, हं’ म्हणाला. दगड्या बसला. टाळ्या पडल्या, फोटो निघाला. साहेबांना कौतुक वाटलं. त्यांनी खाली वाकून विचारलं, “कुठले आपण?”

“कुठलाच न्हाय, सायेब,” सिदू म्हणाला. “भाऊसायबांनी तसं लिवून दिलंया.”

“छान, छान,” साहेब म्हणाले आणि भाषणाकडं वळले.

सिदूनं बोटं काढली. उठला, मंचाच्या पायऱ्या उतरला आणि मंडपातून सरळ चालू लागला. दगड्याही उठला आणि त्याच्यामागून चालू लागला. भाऊसाहेब मंडपाच्या दारापर्यंत धावत आले आणि दबक्या आवाजात ओरडले की पंचायतीचा कुत्रा बाहेरच्या माणसाला नेता येणार नाही.

सिदूनं मागं वळून पाहिलं नाही. “म्या कुठं न्हेतुय? त्योच येतुय.”

दोन तासांत घोडं, मेंढरं, सिताबाई, सिदू आणि दगड्या तालुक्याची हद्द ओलांडून गेले. सबंध तालुक्यात लस टोचलेला जो एक कुत्रा होता, तेवढा तालुक्याबाहेर गेला. पाचवी सुई सिदूनं हद्दीपलीकडच्या दवाखान्यात घेतली. तिथं कुणी त्याला गाव विचारलं नाही, कारण ते गाव अजून मुक्त व्हायचं होतं.

इकडं फरक काही पडला नाही. कुत्रा निघून गेल्याचा रकाना पोर्टलवर नाही. आता ही पद्धत तालुक्याबाहेरही घेतली आहे आणि तिच्यासाठी कुत्रा लागतच नाही. दगड्याचे फोटो आहेत. मालक तेवढे नवे लागतात, आणि मालकांना तोटा नाही.

मागं एकदा आपल्याकडंही भोंगा फिरला होता. आधार कार्ड घेऊन या म्हणाले, आणि कशासाठी ते न विचारता आपण धुतलेला शर्ट घालून रांगेत उभे राहिलो. मग पेपरात आपला भाग मुक्त झाल्याची बातमी आली, तेव्हा चहा पिता पिता ‘चला, एक तरी काम झालं’ असं म्हणालो ते आपणच. यादी सगळ्यांना पाहायला खुली आहे, एकदा आपलं नाव पाहून घ्या. नावासमोर शांत बसलेला जो पांढुरका कुत्रा दिसेल तो आपला. गल्लीच्या तोंडाशी लाळ गाळत जो उभा आहे, तो नोंदीप्रमाणे तिथं नाही.